‘आपला माणूस’ आणि एसीतली खुर्ची

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. नोकरी ऐरोलीला, जाणं-येणं स्वतःच्या गाडीने. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेली, गाडी त्यांच्याच नावावर. क्लच जड लागतो, खड्ड्यातून जाताना पुढून डाव्या बाजूने ‘टक-टक’ आवाज येतो आणि वर्षाची सर्व्हिसिंगही राहिली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ४१,८६० रुपयांचं एस्टिमेट दिलं. सासऱ्यांच्या ओळखीचा वागळे इस्टेटमधला गॅरेजवाला म्हणतो, ‘सतरा हजारांत सगळं करून देतो.’ नवऱ्याचं म्हणणं, कंपनीतच टाक, बाहेर डुप्लिकेट पार्ट घालतात. सासऱ्यांचं म्हणणं, कंपनीवाले लुटतात, आपला माणूस असताना तिकडे जायचंच कशाला? त्या विचारतात, ‘यातलं खरं कोण बोलतंय? मला गाडीतलं काही कळत नाही, मग मी ठरवू कसं?’

---

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसते आकडे दिसले. दुसऱ्या वेळी मधलं एक वाक्य टोचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय : ‘कंपनीत निदान मला मॅडम म्हणून खुर्ची तरी देतात. गॅरेजमध्ये गाडी मी नेऊन देते आणि फोन बाबांना येतो.’ बाबा म्हणजे तुमचे सासरे. या वाक्याकडे येणारच आहे, पण आधी पैशांचा हिशेब मिटवू.

खरं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारता तेव्हा दोघंही एकाच कामाचा भाव सांगतायत असं धरून चालता. मला त्याबद्दलच शंका होती, म्हणून तुमच्याकडून एस्टिमेटचा फोटो मागवला आणि गॅरेजवाल्याला विचारायला तीन-चार प्रश्न दिले. आलेली उत्तरं समोर ठेवून बघा.

कंपनीच्या कागदावर सर्व्हिसिंगचे ७,२०० आहेत. अख्खा क्लच सेट आणि मजुरी १४,५००. चाकांना गाडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनमधले पुढचे दोन्ही लोअर आर्म आणि दोन्ही लिंक रॉड ९,४००. ब्रेक पॅड ३,१००. उरलेले ७,६६० रुपये आहेत थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग, इंजेक्टर साफ करायचं लिक्विड, एसी डिसइन्फेक्शन आणि खालून अंडरबॉडी कोटिंग यांचे. गॅरेजवाल्याच्या ‘सगळं’मध्ये काय होतं? ऑइल, ऑइल फिल्टर, नुसती क्लच प्लेट आणि डाव्या बाजूच्या आर्मचे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर. ब्रेक पॅड धरलेच नव्हते. तो खोटं बोलत नव्हता. तुम्ही आवाज आणि क्लच सांगितलात, त्याने आवाज आणि क्लचचे पैसे सांगितले.

आता कंपनीच्या कागदावरचे ते ७,६६० बाजूला काढा, उरले ३४,२००. गॅरेजवाल्याला तुम्ही तीच कामं, कंपनीच्या खोक्यातल्या पार्टसह विचारलीत, तेव्हा त्याचा आकडा आला २४,५००. म्हणजे जवळजवळ पंचवीस हजारांचा फरक ९,७०० वर आला. हा फरक खरा आहे. त्यात मजुरीचा चढा दर आहे, मजुरीवरचा १८ टक्के जीएसटी आहे, आणि तुमच्या त्या खुर्चीचं, एसीचं, कॉफीच्या मशीनचं भाडंही आहे. तो द्यायचा की नाही, हा प्रश्न सोडवण्यासारखा आहे. ‘चोर कोण’ या प्रश्नाचं उत्तर घरात वीस वर्षं शोधत बसलात तरी सापडणार नाही.

वरच्या चार जादा कामांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सहा वर्षं घोडबंदर रोडचे पावसाळे काढलेल्या गाडीला आता खालून कोटिंग मारणं म्हणजे बऱ्याचदा गंजावर रंग देणं. एसीला वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो, आणि एकदा काढून बघितलात तर त्यातली धूळ आणि पिंपळाची पानं बघून स्वतःच नवीन घेऊन याल. थ्रॉटल बॉडीची सफाई मात्र कधी कधी खरंच लागते. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते का, आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, खालीवर होतो का? नसेल तर या वर्षी राहू द्या. सर्व्हिस ॲडव्हायझरचा राग मात्र धरू नका. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. ‘हे नको’ म्हटल्यावर तो मुकाट्याने खोडतो, वाईट वाटून घेत नाही.

आता क्लच. सगळ्यात मोठा खर्च तोच आहे आणि सगळ्यात कमी तपासही त्याचाच झालाय. पेडल जड लागणं वेगळं आणि क्लच घसरणं वेगळं. झिजलेल्या क्लचनेही पेडल जड होतं, आणि ज्या गाड्यांत क्लचला केबल असते तिथे नुसती केबल आतून सुकली किंवा गंजली तरी होतं. केबल काही शे रुपयांची वस्तू आहे. म्हणून साडेचौदा हजारांना हो म्हणायच्या आधी रविवारी सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना, पातलीपाड्याच्या उड्डाणपुलावर चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबून बघा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मात्र तिथेच राहिला, किंवा जळका वास आला, तर क्लच गेला. गाडी रडत-खडत का होईना वेग घेत असेल, तर आधी केबल आणि पेडलची जोडणी तपासायला सांगा. ही चाचणी दोन्हीकडच्या कुणीही तुम्हाला करायला सांगितली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

क्लच खरंच गेला असेल तर मात्र ‘नुसती प्लेट टाका’ हे ऐकू नका. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मजुरी त्याचीच असते. आत प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग अशा तीन वस्तू असतात. प्लेट नवी आणि बेअरिंग जुनं ठेवलं, तर वर्षभरात बेअरिंग ओरडायला लागलं की तोच गिअरबॉक्स पुन्हा खाली. इथे कंपनीचा कागद बरोबर होता. आणि ६२ हजारांवर क्लच गेला म्हणून गाडीला नावं ठेवू नका. माजिवड्यापासून कळव्याच्या पुलापर्यंत रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून सरकत जायचं म्हटल्यावर प्लेट दुसरं काय करणार? गाडी थांबली की न्यूट्रल करा आणि पाय पेडलवरून उतरवा, नवा क्लच जास्त चालेल.

टक-टक आवाजाचं उलटं आहे. तिथे गॅरेजवाला बरोबर असू शकतो. कंपनीत शक्यतो अख्खा आर्म बदलतात. बाहेर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट चांगला असेल तर प्रेसवर नुसते बुश बदलून देतात, आणि ते जुगाड नाही, व्यवस्थित काम आहे. कधी कधी आवाज नुसत्या लिंक रॉडचाच असतो. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवलं की पाच मिनिटांत कळतं. त्या वेळी तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि ‘कुठला भाग हलतोय, मला दाखवा’ म्हणा. दाखवता आलं तर त्याला कळलंय. दाखवता येत नसेल आणि ‘मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं, तर गाडी खाली उतरवून घरी न्या, मग ते एसीतलं वर्कशॉप असो की पत्र्याची शेड.

तुमच्या यजमानांची डुप्लिकेट पार्टची भीती खोटी नाही, पण ढोबळ आहे. बाजारात तीन प्रकार असतात. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पार्ट. मग बॉश, व्हॅलिओ यांच्यासारख्या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचा, त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला. अशा कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाही माल देतात. आणि तिसरा, नकली खोक्यातला. घरच्या वादात दुसरा आणि तिसरा एकच धरला जातो. दुसऱ्या प्रकाराचा क्लच सेट किंवा फिल्टर घ्यायला काहीच हरकत नाही. तिसरा टाळायचा सोपा उपाय म्हणजे, पार्ट बसवायच्या आधी खोक्याचा फोटो मागा, त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी दिसली पाहिजे, आणि दुकानाचं बिल गॅरेजच्या बिलाला जोडून मागा. काही जण स्वतःच कुर्ल्याला जाऊन पार्ट आणतात. मी ते सुचवणार नाही. पार्ट तुम्ही आणलात की पुढे काही बिघडलं तर मेकॅनिक तुमच्या पार्टकडे बोट दाखवतो आणि दुकानदार त्याच्या बसवण्याकडे. तुम्ही मधे.

कंपनीच्या दारातच जायला हवं अशीही कामं आहेत. एअरबॅगचा दिवा लागला, चावी किंवा इमोबिलायझरचं (चुकीच्या चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) काही झालं, एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिट, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीची हाय व्होल्टेज बाजू, ही कामं बाहेर हौशीने करायची नाहीत. याचा धडा मी स्वतः घेतलाय. माझा गॅरेजवाला बारा वर्षांच्या ओळखीचा, हाताने अव्वल. एकदा गाडीत एबीएसचा दिवा लागला आणि त्याने चार शनिवार घेतले. एक सेन्सर बदलला, मग वायरिंग सोललं, मग बॅटरीवर संशय घेतला. शेवटी लाजत कंपनीत नेली. त्यांच्या स्कॅनरने तासाभरात दाखवलं की सेन्सर गेलाय खरा, पण दुसऱ्या चाकाचा. माझा माणूस चुकला यापेक्षा ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ हे त्याने पहिल्याच शनिवारी सांगितलं नाही, याचा राग आला. तेव्हापासून नव्या मेकॅनिकला मी पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणतं काम तुम्ही घेत नाही?’ सगळंच घेतो म्हणणाऱ्याकडे मी जात नाही.

रिकॉलचंही तसंच. गाडी बनवतानाचा दोष निघाला आणि कंपनीने गाड्या परत बोलावल्या, तर ते काम फुकट होतं, मग तुम्ही त्यांच्या दारात चार वर्षं गेला नसलात तरी. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून एकदा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमची वॉरंटी संपलेली आहे, पण हे वाचणाऱ्या अनेकांची संपलेली नसेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ‘बाहेर ऑइल बदललं तरी वॉरंटी जाते’ हे वाक्य आपण देववाणीसारखं ऐकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्या आदेशात म्हटलं होतं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. त्यामुळे हा आदेश छापून काउंटरवर आपटायच्या फंदात पडू नका. व्यवहारात सांगायचं तर वॉरंटी किंवा पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे तोवर ठरलेली सर्व्हिसिंग वेळेवर कंपनीतच करा, जादा कामं खोडत जा, आणि पंक्चर, टायर, अलाइनमेंट, बॅटरी खुशाल बाहेर बघा. वॉरंटी संपली की मग तुमच्यासारखा विचार सुरू करायचा.

बिलाबद्दल. सासरे म्हणतील, आपल्या माणसाकडे बिल काय मागायचं? मागायचं. सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे छोट्या गॅरेजवाल्याने साधं छापील बिल दिलं तर तो लबाडी करतोय असं नाही. पण बिलावर जीएसटी लावला असेल, तर त्याचा नंबरही त्यावर हवा. कामाची तारीख, किलोमीटर, पार्टची नावं आणि ‘क्लचच्या कामाची सहा महिने जबाबदारी’ अशी एक ओळ लिहून घ्या. उद्या वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात या कागदाच्या आधारेच उभं राहता येतं. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. कंपनीतही तेच : जॉबकार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या कागदावर, सही करायच्या आधी ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ आणि ‘जुने पार्ट डिकीत ठेवावेत’ असं पेनाने लिहा. जुनी प्लेट डिकीत आली की घरी सगळ्यांना बघता येते, आणि वाद घालायला निदान काहीतरी हातात असतं.

विकताना कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डने किंमत येते, हा यजमानांचा मुद्दा तीन वर्षांच्या गाडीला लागू पडेल. तुम्ही लिहिता की ही गाडी अजून चार वर्षं वापरायची आहे. दहा वर्षांची हॅचबॅक घ्यायला येणारा इंजिनचा आवाज ऐकेल, टायर बघेल, घासाघीस करेल. बिलांची एक फाइल असली की पुरे, शिक्का कुणाचा ते तो फारसं विचारणार नाही.

एक गोष्ट या दोघांच्याही कक्षेबाहेरची. तुमचा रस्ता विटाव्यावरून जातो आणि रेल्वे पुलाखाली पावसात पाणी तुंबतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि त्यापुढे ४१,८६० हा आकडा किरकोळ वाटेल. शिवाय विम्यात इंजिन प्रोटेक्शन जादा घेतलेलं नसेल तर हे नुकसान विमा कंपनी साधारणपणे नाकारते. पॉलिसी काढून ती ओळ आज शोधा.

तर माझा कल गॅरेजकडे आहे. सर्व्हिसिंग, ब्रेक, बुश, आणि चाचणीत क्लच गेलेला निघाला तर पूर्ण सेट, हे सगळं वागळे इस्टेटमध्ये होण्यासारखं आहे. पण आता आहे त्या व्यवस्थेत नाही.

आणि इथे ती खुर्ची. तुम्ही कंपनीकडे ओढल्या जाताय ते पार्टमुळे नाही, असं मला वाटतं. तिथे कागद तुमच्या हातात येतो, माणूस तुमच्याशी बोलतो, ‘करू का?’ असं तुम्हाला विचारतो. त्यासाठी जादा पैसे द्यायची तुमची तयारी आहे, आणि मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. पण जी गोष्ट नऊ हजार सातशेला विकत घ्यायला निघालात, ती बहुधा एका फोनवर मिळेल. गॅरेजवाला तुम्हाला टाळतोय असं नसेलही. त्याच्याकडे वीस वर्षं बाबांचाच नंबर आहे, आणि सवय ही सवय असते. बाबांनाही वाटत असेल की निवृत्तीनंतर घरातलं एवढं एक खातं तरी आपल्याकडे आहे. ते खातं त्यांच्याकडून काढून घेऊ नका. ‘बाबा, तुमच्याच माणसाकडे टाकतेय, फक्त त्यांना सांगा, यापुढे गाडीचा फोन मला करायचा,’ एवढंच म्हणा. ‘तुमच्याच माणसाकडे’ हे शब्द आधी, अट नंतर. पहिल्या वेळी त्यांना सोबत घेऊन जा. जॅकखाली वाकून तुम्ही बघा, ते बाहेर स्टुलावर चहा घेतील. आणि गॅरेजवाल्याने तरीही पुढचा फोन बाबांनाच केला, तुमच्या प्रश्नांना हसण्यावारी नेलं, तर गाडी निःशंकपणे कंपनीत न्या. त्या वेळी ते जादा पैसे वसूल आहेत.

‘मला गाडीतलं काही कळत नाही’ हे वाक्य मात्र त्याच्यासमोर बोलू नका. तुम्ही मला आवाज डाव्या बाजूने, खड्ड्यात, हळू वेगात येतो असं लिहिलंत. बरेच गाडीमालक ‘समोरून काहीतरी वाजतंय’ एवढंच सांगतात.

ब्रेक पॅडचं काम दोघांच्या वादात लांबवू नका. चाक काढलं की पॅडची जाडी दिसते. तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर लगेच बदला, सात-आठ असेल तर ते ३,१०० रुपये पुढच्या वर्षी. शनिवारी गॅरेजला जायचं असेल तर शुक्रवारी सकाळी दहाच्या आत फोन करा. नंतर तो माणूस गाडीखाली असतो. नंबर बाबांकडून घ्या आणि स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करा.